विस्तवासाठीं सुरी कोणती?

घरांत गॅसची शेगडी आणि खिशांत आगपेटी असली म्हणजे विस्तव ही नळाच्या पाण्यासारखी हुकमी वस्तु आहे, असें आपणांस वाटूं लागतें. आम्हांसही तसेंच वाटत असे. परंतु कांहीं वर्षांपूर्वीं श्रावणमासांत आम्ही सहा जण घाटमाथ्यावरील एका पडक्या धर्मशाळेंत पावसामुळें रात्रभर अडकलों. जवळ तांदूळ होते, पातेलें होतें, कोपऱ्यांत कोणीं तरी टाकलेले ओंडकेही होते. पण ओंडके ओले होते, आणि आगपेटींतील काड्यांचे गूल भिजून त्यांचा चिखल झाला होता.

रात्र चढूं लागली तसा गारठा वाढला. आमच्यांत बारा वर्षांचा एक मुलगा होता. त्याचे कपडे ओलेचिंब झाले होते व त्याचे दांत एकसारखे वाजत होते. एका सोबत्याच्या लायटरमध्यें थोडासा गॅस शिल्लक होता. परंतु ओल्या ओंडक्याला ती ज्योत लावणें म्हणजे दगडाला लावण्यासारखेंच होतें. लांकूड फोडावें म्हणून आम्हीं खिशांतील मिटणारा चाकू उघडून ओंडक्यावर टेकविला व त्याच्या पाठीवर दगड मारला. दुसऱ्या कीं तिसऱ्या घावासरशीं चाकूचा खटका निसटला, पातें मिटलें, आणि तें आमच्या तर्जनीवर बसलें. रक्त थांबविण्यांत व मुलाला मध्यें घेऊन बसण्यांत ती रात्र उपाशीं गेली.

पहांटे घाट चढून एक वृद्ध शेतकरी वर आला. त्यानें आमची दशा पाहिली, कंबरेच्या आकडींतून कोयती काढली, आम्हीं निरुपयोगी म्हणून टाकून दिलेलाच एक ओंडका उभा केला आणि चार घावांत त्याच्या चिरफळ्या केल्या. आंतील गाभा कोरडा होता. त्या गाभ्याचा त्यानें बारीक कीस काढला, आमच्याच लायटरची ज्योत त्यास लावली, आणि पाहतां पाहतां जाळ झाला. “गुरुजी, लाकूड वरून भिजतं, आतून न्हाय,” एवढेंच बोलून तो आपल्या वाटेनें निघून गेला. आमच्या बोटाला पुढें चार टांके पडले. परंतु त्या वृद्धाचें वाक्य त्याहूनही खोल रुतलें. पुढील विवेचन हें त्या एका वाक्याचें भाष्य आहे, असें वाचकांनीं समजावें.

प्रथम शब्दांचा अर्थ निश्चित करूं. ज्याचें पातें मुठींत मिटतें त्यास या लेखांत आम्ही चाकू म्हणूं. जिचें पातें मुठीला कायमचें जखडलेलें असतें व जिला म्यानांत ठेवावें लागतें तिला सुरी म्हणूं. चाकूंत पातें व मूठ यांच्यामध्यें एक खीळ आणि एक खटका असतो. पाठीवर घाव बसतांच सर्व भार त्या दोन लहानशा अवयवांवर पडतो, आणि ते निसटले कीं काय होतें हें आमच्या बोटानें पाहिलें आहे. सुरींत असा सांधाच नाहीं. म्हणून फळ कापण्यास अथवा पेन्सिलीला टोंक करण्यास चाकू उत्तम. लांकूड फोडण्यास मात्र सुरी किंवा कोयतीच पाहिजे.

आतां विस्तव करतांना सुरीला कोणकोणतीं कामें करावीं लागतात तें पाहूं. तीं मुख्यतः तीन आहेत.

पहिलें काम फोडण्याचें. जमिनीवर पडलेलें लांकूड सालीकडून भिजतें, पण मनगटाएवढ्या वाळक्या फांदीचा गाभा पुष्कळदां कोरडा राहतो. तो बाहेर काढण्यासाठीं सुरीची धार लांकडाच्या उभ्या टोंकावर आडवी ठेवावी आणि पाठीवर लांकडी दांडक्यानें ठोकावें. पातें आंत शिरलें म्हणजे बाहेर राहिलेल्या टोंकावर ठोकीत जावें. लांकडाची जाडी पात्याच्या लांबीहून पुष्कळ कमी असावी, त्यांत गांठ नसावी, आणि दगड अथवा लोखंड यांनीं कधींही ठोकूं नये.

दुसरें काम पिसें काढण्याचें. फोडलेल्या कोरड्या काठीवर सुरी चालवून पातळ, कुरळे पापुद्रे काढावयाचे, परंतु ते तोडावयाचे नाहींत. काठीच्या टोंकाशीं ते एखाद्या पक्ष्याच्या पिसाऱ्याप्रमाणें राहूं द्यावयाचे. याचें कारण असें कीं, जाड लांकडास उष्णता दिली तर ती त्याच्या साऱ्या अंगांत पसरून जाते व पेट घेण्याइतका ताप कोठेंच सांचत नाहीं. पातळ पापुद्रा मात्र क्षणांत तापतो, व त्याच्या चोहोंकडे हवाही खेळती असते. म्हणून जी ज्योत ओंडक्यापुढें हरली तीच पिसाऱ्यापुढें जिंकते.

तिसरें काम ठिणगीचें. आगपेटी नसेल तेव्हां हें काम पडतें, आणि येथें पोलादाचा प्रकार महत्त्वाचा ठरतो. गारगोटीवर पोलाद घांसलें असतां उडणारी ठिणगी गारगोटीची असते असा पुष्कळांचा समज आहे. वस्तुतः ती पोलादाची असते. दगडाची तीक्ष्ण कड पोलादाचा अतिसूक्ष्म कण खरवडून काढते. घर्षणानें तापलेल्या त्या ताज्या लोखंडाचा हवेंतील प्राणवायूशीं संयोग होतो व कण लाल होऊन उडतो. आपल्या आजोबा-पणजोबांची चकमक ती हीच. ही ठिणगी मंद असते. ती धरण्यास अर्धवट जाळलेलें सुती फडकें अथवा तशीच एखादी झटकन् धुमसणारी वस्तु लागते.

ऑस्ट्रियांतील रसायनशास्त्रज्ञ कार्ल आउअर फॉन वेल्सबाख यानें १९०३ सालीं सेरियम आदि धातु व लोखंड यांच्या मिश्रणाचें पेटंट घेतलें. त्याची कांडी आज ‘फेरो रॉड’ या नांवानें विकत मिळते, आणि लायटरमधील तथाकथित गारही याच जातीची असते. येथें प्रकार उलटा आहे. सुरी खरवडते आणि कांडी जळते. म्हणजे ठिणगी सुरीची नसून कांडीची असते. ती चकमकीच्या ठिणगीहून कितीतरी प्रखर असते, आणि कोरड्या काथ्याच्या भुशाला किंवा सावरीच्या कापसाला ती सरळ पेटवूं शकते.

या भेदावरून पोलादाची निवड ठरते. साधें कर्बयुक्त पोलाद गारगोटीवर ठिणग्या देतें, त्याला धार चटकन् लागते, पण तें गंजतें. न गंजणारें पोलाद १९१३ सालीं शेफील्ड येथें हॅरी ब्रिअर्ली यानें सिद्ध केलें. बाराव्या वर्षीं शाळा सुटलेला हा मनुष्य बंदुकीच्या नळ्या लवकर झिजूं नयेत म्हणून प्रयोग करीत होता, आणि त्यांतून जगाच्या जेवणाच्या मेजावरील सुऱ्यांचें पोलाद निघालें. त्यांतील क्रोमियम धातूमुळें पृष्ठभागावर एक सूक्ष्म संरक्षक थर बनतो. परंतु जो गुण गंजूं देत नाहीं तोच गुण कणाला जळूंही देत नाहीं; म्हणून गारगोटीवर असें पोलाद बहुधा मुकें राहतें. फेरो रॉडवर मात्र दोन्ही पोलादें सारखींच चालतात. तेथें सुरीची पाठ काटकोनी व तीक्ष्ण कडेची असली म्हणजे झालें. धार या कामीं कधींही वापरूं नये. ती बोथट होते आणि बोटही कापतें.

इतकें समजल्यावर निरनिराळ्या सुऱ्यांची तुलना करणें सोपें आहे.

स्वीडनच्या दालार्ना प्रांतांत सिल्यान सरोवराच्या कांठीं मोरा नांवाचें गांव आहे. तेथील सुऱ्यांची परंपरा सतराव्या शतकापासूनची. १८९१ सालीं शेजारच्या ओस्टनोर येथें अमेरिकेहून परतलेल्या एका गृहस्थानें कारखाना काढला, १९१२ सालीं तेथें दुसरा निघाला, आणि २००५ सालीं दोहोंचें एकीकरण झालें. या कारखान्याची ‘कंपॅनियन’ ही साधी सुरी पहा. न गंजणाऱ्या पोलादाच्या प्रकारांत तिचें पातें सुमारें १०४ मिलिमीटर लांब व २.५ मिलिमीटर जाड असतें. पात्याचा रुंद उतार थेट धारेपर्यंत सरळ जातो. धारेजवळ दुसरा लहान उतार नसतो. म्हणून धार लावतांना तो उतार दगडावर सपाट टेकवितां येतो, आणि कोन चुकण्याची भीति नवशिक्यालाही फारशी राहत नाहीं. पिसें काढण्यांत ही सुरी अप्रतिम. तिचें उणें एवढेंच कीं, पात्याचें शेपूट मुठीच्या शेवटापर्यंत जात नाहीं, त्यामुळें जाड लांकडावर जोराचे घाव तिला सोसवत नाहींत. त्याच कारखान्याच्या ‘गार्बर्ग’ सुरींत शेपूट मुठीच्या अखेरपर्यंत नेलें आहे व पातें ३.२ मिलिमीटर जाड आहे; ती घाव सोसते, पण तिची किंमत कितीतरी अधिक. कॅनडांतील वनविद्येचे प्रख्यात शिक्षक मॉर्स कोचान्स्की (१९४०–२०१९) यांनीं साध्या मोरा सुरीचाच पुरस्कार केला, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

शेजारच्या फिनलंडची सुरी ‘पूक्को’ या नांवाची. तिचें पातें हाताच्या पंजाच्या रुंदीएवढें, मूठ बहुधा बर्च लांकडाची किंवा त्याच्या सालीची, आणि बोट अडविणारी आडवी पट्टी तिला नसते. कारण ती भोंसकण्याचें हत्यार नव्हे, कोरण्याचें आहे. बर्च म्हणजे आपल्या भूर्जवृक्षाचेंच उत्तरेकडील भावंड. ज्या जातीच्या सालीवर आपल्याकडे ग्रंथ लिहिले गेले त्याच जातीच्या सालींत तेलकट अंश असतो व ती ओलसर असतांही पेटते. फिनलंडमधील लोक सुरीच्या पाठीनें ती साल खरवडून विस्तवाची सुरुवात करतात. तात्पर्य, जेथें पेटण्यास इतकी उत्सुक साल झाडावरच मिळते तेथें लहान सुरीही पुरते.

नेपाळची खुकरी याच्या अगदीं उलट. तिचें पातें पुढें वांकलेलें, जड, आणि पाठ जाड. हल्लीं पुष्कळ खुकऱ्या मोटारीच्या कमानपाट्याच्या पोलादापासून घडवितात. तिचा घाव कुऱ्हाडीची आठवण करून देतो. परंतु तिच्या म्यानांत दोन लहान हत्यारें असतात तीं पहावीं: एक ‘कर्द’ म्हणजे बारीक कामाची लहान सुरी, आणि दुसरें ‘चकमक’ म्हणजे धार सरळ करण्याचें व गारगोटीवर ठिणगी पाडण्याचें बोथट पोलाद. एकच पातें सर्व कामें नीट करूं शकत नाहीं, हें त्या डोंगरी कारागिरांनीं कधींच ओळखलें होतें. आपल्या कोंकणांतील कोयतीही खुकरीच्या वर्गांतली. ती गांवच्या लोहारानें घडविलेली, कर्बयुक्त पोलादाची, आणि त्या माणसाच्या हाताला बेतलेली असते.

केवळ वर्णनावर विसंबून राहूं नये म्हणून आम्हीं घरच्या परसांत एक प्रयोग केला. पाइनच्या खोक्याच्या फळीचे तुकडे आणि आंब्याची वाळकी फांदी रात्रभर पाण्यांत बुडवून ठेविली, व दुसरे दिवशीं चार हत्यारें घेऊन बसलों: पातळ पात्याची मोरा, सुमारें ५ मिलिमीटर जाडीची एक दणकट सुरी, स्वयंपाकघरांतील भाजीची सुरी आणि कोयती. फांदी फोडण्यांत कोयती सर्वांच्या पुढें होती. जाड सुरी दुसरी आली. मोरेनें काम केलें, पण सावकाश. आणि भाजीच्या सुरीचें पातें दुसऱ्याच घावाला वांकून तिची धार दांतेरी झाली. पिसें काढण्यांत हा क्रम बदलला. मोरेचे पापुद्रे लांब व कुरळे निघाले. जाड सुरीचे मध्येंच तुटून पडूं लागले. कोयतीनें आम्हांस ढलप्यांखेरीज कांहींच निघेना. त्या वृद्धानें कोयतीनें काढलेला कीस ही त्याच्या हाताची विद्या होती, हत्याराचा गुण नव्हे! शेवटीं कोयतीनें फोडलेल्या व मोरेनें पिसारलेल्या काठीवर फेरो रॉडची ठिणगी पाडली, आणि रात्रभर भिजलेल्या लांकडाचा जाळ झाला. ठिणगी पाडतांना सुरी स्थिर धरून कांडी मागें ओढावी. सुरी पुढें रेटली तर रचलेला कीस उधळून जातो.

यावरून आमचा निष्कर्ष असा. घरीं शिकणाऱ्यास जाड व भीतिदायक पात्याची गरज नाहीं. पंजाच्या रुंदीएवढें किंवा थोडें अधिक लांब, २.५ ते ३ मिलिमीटर जाड, कर्बयुक्त पोलादाचें पातें; काटकोनी पाठ; हाताला न घसरणारी मूठ; आणि घट्ट बसणारें म्यान; इतकें पुरे. मोठें लांकूड फोडावयाचें असेल तर तें कोयतीवर सोंपवावें. आमच्या पावसाळी हवेंत कर्बयुक्त पातें एका रात्रींत तांबडें होतें. म्हणून तें पुसून कोरडें करावें, खोबरेल तेलाचा हात फिरवावा, व ओल्या कातडी म्यानांत ठेवूं नये. इतकी निगा ज्यास साधणार नाहीं त्यानें न गंजणारी सुरी व फेरो रॉड घ्यावा. गारगोटीची हौस मात्र त्यानें सोडावी.

आतां पालकवर्गास व विद्यार्थ्यांस चार शब्द सावधगिरीचे. सुरी हातांत घेण्यापूर्वीं हात लांब करून स्वतःभोंवतीं फिरून पहावें. त्या वर्तुळांत दुसरें कोणी असतां कामा नये. बसून काम करतांना कोपरें गुडघ्यांवर टेकवावीं व सुरी गुडघ्यांच्या पलीकडे चालवावी. मांडीच्या आंतल्या बाजूस मोठी रोहिणी असते व तेथील जखम प्राणावर बेतते. धार नेहमीं अंगापासून दूर जावी. दुसऱ्यास सुरी देतांना मूठ पुढें करावी. बोथट सुरी सुरक्षित असते हा भ्रम आहे. बोथट सुरीला जोर अधिक लावावा लागतो, आणि निसटली कीं तो सारा जोर हातावर येतो. जखम झालीच तर स्वच्छ फडक्यानें घट्ट दाबून धरावी, हात उंच करावा, आणि डॉक्टरांकडे जाऊन धनुर्वाताच्या लसीची चौकशी करावी.

विस्तवासंबंधींही तसेंच. जागा झाडून मोकळी करावी, पाण्याची बादली आधीं भरून ठेवावी आणि मगच ठिणगी पाडावी. उन्हाळ्यांत वाळक्या गवताजवळ हा प्रयोग करूंच नये. राखीव जंगलांत विस्तव करणें हा १९२७ च्या भारतीय वन कायद्यान्वयें गुन्हा आहे. तसेंच २०१६ च्या शस्त्र-नियमांत ९ इंचांहून लांब अथवा २ इंचांहून रुंद पात्याचीं तीक्ष्ण हत्यारें शस्त्रांमध्यें गणलीं आहेत. घरगुती, शेतीचीं व उद्योगाचीं अवजारें त्यांतून वगळलीं आहेत. परंतु कायदा काय म्हणतो याहून शहाणपण काय म्हणतें हें महत्त्वाचें. सुरी ही परसांत व वडील माणसांच्या देखत वापरण्याची वस्तु आहे. ती दप्तरांत, आगगाडींत किंवा जत्रेंत नेण्याची वस्तु नव्हे.

कोणी म्हणतील, मग मुलांच्या हातीं सुरी द्यावीच कशाला? ज्या फिनलंडची पूक्को आम्हीं वर वर्णिली त्या देशानें १८६६ सालींच हस्तव्यवसाय हा शाळेंत आवश्यक विषय केला. आणि स्वीडनमध्यें ओटो सालोमन यांनीं नेस येथें या विषयाचे शिक्षक तयार करण्याची संस्था चालविली. त्या शिक्षणाचा हेतु मुलांना सुतार करण्याचा नव्हता. हात, डोळा आणि विवेक एकत्र चालावेत हा होता. कुलुपांत ठेविलेल्या सुरीनें मूल सुरक्षित होत नाहीं. तें केवळ अडाणी राहतें, आणि अडाणी हातांत एखाद्या अडचणीच्या रात्रीं सुरी आली म्हणजे काय होतें, याचा व्रण आमच्या तर्जनीवर अद्यापि आहे.

त्या रात्री थंडीनें कुडकुडणारा मुलगा आतां मोठा झाला आहे. त्यानें गेल्या पावसाळ्यांत आमच्याच परसांत, आमच्या देखत, भिजलेल्या फांदीचा गाभा काढून चहाचें आधण ठेविलें. विस्तव पेटल्यावर त्यानें प्रथम सुरी पुसली, तेल लावलें, म्यानांत ठेविली, आणि मगच हात शेकले. तो क्रम पाहून आम्हांस फार समाधान वाटलें.